शिकारी घराचा नवा सुरा

शस्त्राशिवाय घराणं उभं राहत नाही, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं आहे. प्रत्यक्षात आमचं घराणं केळीवर उभं आहे आणि केळी ठिबकवर. पण खंडेनवमीला ठिबकच्या नळीला गंध लावताना कुणाचा ऊर भरून येत नाही, म्हणून हत्यार लागतं.

यावल तालुक्यातल्या आमच्या गावात आमच्या घराला शिकाऱ्याचं घर म्हणतात. पणजोबांनी सातपुड्याच्या पायथ्याशी नुसत्या सुऱ्यानं बिबट्या मारला होता. मी शाळेत होतो तेव्हा तो बिबट्या होता. मी नोकरीला लागेपर्यंत त्याचा वाघ झाला. एका म्हाताऱ्या आत्यानं एकदा सांगितलं की ते तरस होतं आणि आधीपासून आजारी होतं. घरातल्या पुढच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये तिचं नाव आलं नाही.

त्या पराक्रमाचा एक हक्क आमच्या घराकडे चालत आला आहे. खंडेनवमीला सगळ्या भाऊबंदांची अवजारं आणि हत्यारं नानांच्या खळ्यात एकत्र मांडली जातात. नाना म्हणजे आमच्या कुळातले सगळ्यांत वडीलधारे; त्यांच्या शब्दावर अपील नाही. कोयते, फवारणीचे पंप, ट्रॅक्टर, एका शिक्षक पुतण्याचा लॅपटॉप अशा सगळ्यांची पूजा होते आणि शेवटी बळी म्हणून कोहळा कापतात. तो घाव घालण्याचा मान आमच्या घराचा. त्याला दोन अटी आहेत. कोहळा एकाच घावात दोन झाला पाहिजे आणि हत्यार शिकारीचं पाहिजे. कोहळाही मानकऱ्याच्याच घरचा असतो आणि तो जितका मोठा तितकं त्या घराचं नाव मोठं.

वडिलांनंतर हा घाव माझा थोरला भाऊ घालतो. त्याला आम्ही भाऊच म्हणतो. भाऊनं सोसायटीची निवडणूक लढवून पाहिली, ग्रामपंचायतीची लढवून पाहिली, एकदा गणेश मंडळाच्या अध्यक्षपदासाठी नुसती इच्छा व्यक्त करून पाहिली. कुठेच जमलं नाही. खंडेनवमीचा घाव हा एकच मान त्याच्याकडे मतदानाशिवाय आला होता आणि भाऊ तो फार जपून वापरायचा. आदल्या दिवशी दाढी करायचा, नवं बनियन घालायचा आणि जेवताना उजव्या हातानं जड भांडं उचलायचा नाही.

काही वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला पणजोबांचा सुरा मोडला. कोहळा कापला गेला, पण पातं खालच्या पाटावर आपटून मुठीपाशी तुटलं. दरवर्षी धार लावणाऱ्याच्या चाकावर झिजून झिजून ते इतकं पातळ झालं होतं की हे कधीतरी होणारच होतं. भाऊ हातात नुसती मूठ घेऊन उभा राहिला.  मग आमचा चुलतभाऊ, ज्याला गाव आबा म्हणतं, तो म्हणाला, "वाघ मारला तधी नाही मोडला, आन्‌ कोहळ्यानं मोडला व्हय भो?"

नानांनी निकाल दिला. पुढच्या खंडेनवमीपर्यंत नवा सुरा आणायचा, तोही शिकारीचाच. नाहीतर मान आबाच्या घरी जाईल. आबाच्या घराला शिकारीचा इतिहास नव्हता, पण त्याच्या केळीच्या गाड्या थेट दिल्लीला जात होत्या आणि आमच्याकडे हे बहुतेक बाबतींत चालून जातं.

झालं. भाऊनं मोबाईलवर शिकारीच्या सुऱ्यांचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. त्यांत दाढीवाले परदेशी गृहस्थ बर्फात उभे राहून सुरे दाखवायचे. भाऊला त्यांची भाषा कळत नव्हती, त्यामुळे त्यांच्याविषयी शंकाही येत नव्हती. पावसाळा सुरू झाला तोपर्यंत तो त्या विषयात इतका शिरला होता की मी जळगावहून फोन केला तर आईच्या गुडघ्यांची हकीकत सांगायच्या आधी तो मला पात्याच्या टोकाविषयी सांगायचा. टोक वर वळलेलं असावं की पाठीकडून खाली उतरत आलेलं? दुसरं चांगलं. त्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात. कातडी सोलताना आतडं फुटत नाही.

"कुणाचं आतडं?" मी विचारलं.

"कोनाचंबी," भाऊ म्हणाला.

पोलादाचा प्रश्न जास्त अवघड होता. स्टेनलेस गंजत नाही, पण धार लवकर जाते. कार्बनच्या पोलादाला धार छान बसते, पण ते गंजतं आणि केळीचा चीक लागला तर काळं पडतं. करवतीच्या पात्याचा सुरा होतो, पण तो काचेसारखा तुटतो. बेअरिंगचं पोलाद उत्तम, पण मोठं बेअरिंग सरळ करायला लोहार मिळत नाही. हे सगळं त्यानं मला एका दमात सांगितलं आणि मग विचारलं, "तुझं काय मत हाये?" मला मत नव्हतं. माझ्याकडे भाजी चिरायचा एक सुरा आहे. तो कशाचा आहे हे मला माहीत नाही आणि टोमॅटोलाही माहीत नसावं.

भाऊ जळगावला आला तेव्हा आम्ही दोघं बाजारात गेलो. कात्र्या, अडकित्ते आणि विळ्या विकणाऱ्या एका जुन्या दुकानात भाऊनं शिकारीचा सुरा मागितला.

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "कशाच्या शिकारीचा?"

शिकारीला बंदी आहे हे भाऊला माहीत होतं, मला माहीत होतं आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावरून त्यालाही माहीत होतं.

"शिकार नाही करायची," मी म्हणालो. "पूजेला पाहिजे."

"मग पितळेचा देतो ना. घासला की चमकतो."

भाऊ दुकानातून उतरला तो थेट बसस्थानकावर जाऊन थांबला.

सोनगीरच्या एका लोहाराचं नाव त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मुंबई-आग्रा रस्त्यावर त्याचं दुकान होतं. ट्रकच्या तुटलेल्या कमानपाट्यांचा ढीग दारातच असायचा. ट्रकचं ओझं वर्षानुवर्षं झेलणारं ते पोलाद व्हिडिओतल्या दाढीवाल्यांनाही मान्य होतं. श्रावणातल्या एका सकाळी आम्ही यावलहून निघून धुळ्याच्या पुढं सोनगीरला पोचलो. भाऊनं सुऱ्याचं चित्र कागदावर काढून आणलं होतं.

लोहार मोठा माणूस निघाला. म्हणजे स्वतःच्या मते. पुढाऱ्यांच्या सत्कारात त्यांच्या हातात देतात त्या तलवारी तो करायचा. दुकानाच्या भिंतीवर त्या तलवारी उंचावून उभ्या असलेल्या पुढाऱ्यांचे फोटो होते. वेगवेगळ्या पक्षांचे होते, पण तलवार एकाच नमुन्याची होती. त्या तलवारींनी आजवर काही कापलं असेल तर सत्काराचे हार, तेही चुकून.

त्यानं भाऊचं चित्र हातात धरून लांब केलं. "हाई इतलासा?"

"चार इंच पातं," भाऊ म्हणाला. "त्याच्याहून मोठं नवशिके लोक वापरतात."

"स्टीलना करी देस. आरसासारखा दिखी."

"स्टील नको. कमानपाट्याचा करा."

"भाऊ, पाटाना सुरा काया पडी जाई," लोहार दुखावून म्हणाला. "फोटोमा काय दिखी?"

भाऊनं त्याला धार कशी टिकते ते समजावलं. लोहारानं त्याला फोटो कसा टिकतो ते समजावलं. मधे चहा आला. अखेर कमानपाटा ठरला. तापलेल्या पात्याला तेलात बुडवून पाणी द्यायचं, मग ते पुन्हा हलकं तापवून जरा नरम करायचं, म्हणजे धारेचे टवके उडणार नाहीत, हे भाऊनं दोनदा बजावलं. लोहारानं दोन्ही वेळा फोटोंकडे बघत मान हलवली. मूठ अंजनाच्या लाकडाची ठरली. ते लाकूड इतकं कठीण असतं की सुतार आधी नाही म्हणतो. पात्याचं लोखंड मुठीत अर्ध्यावर न थांबता शेवटपर्यंत जायला हवं, हे मात्र लोहारानं चटकन मान्य केलं. आमच्या जुन्या सुऱ्यात ते अर्ध्यावरच थांबलेलं होतं. एकूण बोलणी तडजोडीनं चालली होती. मग लोहाराचं बोट चित्रातल्या पाठीवर थांबलं. तिथं टोकाजवळ भाऊनं मुठीकडे तोंड असलेली एक आकडी काढली होती.

"हाई आकडी कसाले?"

"पोट फाडाले. टोक आत घालायचं आन्‌ मागं ओढायचं. आकडीत कातडं धरलं जातं."

"कोनं पोट?"

भाऊनं थोडा विचार केला. "ते मंग पाहू," तो म्हणाला.

आता त्याच पावसाळ्यात घरात दुसरं एक काम चाललं होतं, ते सांगितलं पाहिजे. वहिनीनं बांधावर कोहळ्याचा वेल लावला होता. सुरा मोडल्याची नाचक्की तिलाही लागली होती आणि तिचा उपाय सरळ होता. यंदा असा कोहळा करायचा की भाऊबंदांनी तोंडात बोट घालावं. वेलाला लागलेली बाकीची फळं तिनं खुडून टाकली आणि एकच ठेवलं. त्याला शेणखत दिलं, खाली कडब्याची चुंबळ करून ठेवली, कोल्हा लागू नये म्हणून भोवती बोरीच्या काट्या रोवल्या. सोनगीरहून परत आल्यावर मी बांधावर गेलो तेव्हा तो लव सोडून अंगावर राखेसारखी पांढरी पूड धरू लागला होता आणि चुंबळीत मावत नव्हता.

"भाऊजी, याले उचलाले दोन मानसं लागतीन," वहिनी म्हणाली.

मी कौतुक केलं. भाऊनंही केलं. संध्याकाळी ओट्यावर बसून तो मला पात्याची रुंदी किती कमी करता येईल ते सांगत होता. एकाच घरात सुरा दर आठवड्याला लहान होत होता आणि कोहळा मोठा होत होता. दोन्ही बातम्या मला फोनवर एकाच संभाषणात मिळायच्या. मी दोन्हींना "वा" म्हणायचो.

सुरा भाद्रपदात आला. काळसर, आटोपशीर, हातात नीट बसणारा. खरंच देखणा होता. लोहारानं शेवटी पात्याच्या एका बाजूला न विचारता वाघाचं तोंड कोरलं होतं. भाऊनं धारेची परीक्षा डाव्या हातावरच्या केसांवर घेतली. केस साफ निघाले. मग येणाऱ्या प्रत्येकाला दाखवण्यासाठी त्यानं ती परीक्षा पुन्हा पुन्हा घेतली आणि नवरात्र बसेपर्यंत त्याचा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत झाला. एकदा केळीच्या एका बारीक खांबावर घाव घालून पाहिला. खांबात पाणीच असतं. सुरा सरळ आरपार गेला. भाऊ खूष झाला. चीक लागून वाघाचं तोंड काळं पडलं तेही त्याला आवडलं. जुनं वाटतं म्हणाला.

खंडेनवमीच्या सकाळी नानांच्या खळ्यात सगळे जमले. ट्रॅक्टरला झेंडूची माळ होती, लॅपटॉपवर दोन अक्षता होत्या. आबा पांढऱ्या कपड्यांत आला होता. त्याच्या मळ्यात त्याच दिवशी केळीची काढणी होती आणि गाडी भरायची होती, म्हणून तो सारखा मोबाईलमध्ये वेळ बघत होता. वहिनी आणि गडी अशा दोघांनी मिळून कोहळा आणला आणि पाटावर ठेवला. बायकांमध्ये कुजबूज झाली. वहिनीनं पदर सारखा केला. खरोखरच तसा कोहळा खळ्यात कधी आला नव्हता. पाट त्याच्याखाली दिसत नव्हता.

नानांनी हळदकुंकू वाहिलं आणि भाऊकडे पाहिलं. भाऊ पुढं झाला. चामड्याच्या म्यानातून त्यानं सुरा काढला.

मला वाटतं त्या दोन वस्तू शेजारी शेजारी कुणी प्रथमच पाहत होतं. भाऊसुद्धा. तो क्षणभर थांबला.

"हे काय हाये?" नाना म्हणाले. त्यांना मोतीबिंदू आहे, म्हणून आधी आम्हाला वाटलं त्यांना सुरा दिसला नाही. "नखं काढाचं हाये का?"

"नाना, शिकारीचा सुरा हाये," भाऊ म्हणाला. "कमानपाट्याचा. तेलात पाणी देल्लं हाये. ड्रॉप पॉइंट—"

"ते राहू दे. याच्यात शिरन का?"

"धार पाहा ना, नाना." भाऊनं सवयीनं डावा हात पुढं केला, पण त्यावर दाखवायला काही उरलं नव्हतं.

"अरे, हातावर कायले? तो पाटावर ठेवेल हाये," आबा म्हणाला.

भाऊनं सुरा कपाळाला लावला, दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या ताकदीनं घाव घातला. पोलादात खरंच काही खोट नव्हती. पातं कोहळ्यात मुठीपर्यंत गेलं. तिथं ते संपलं. कोहळा त्याच्या पुढंही बराच होता.

 भाऊनं सुरा मागं ओढला. टोकाजवळच्या आकडीनं आतून साल धरली, जशी धरायला सांगितली होती तशी. भाऊनं जोर लावला. सुरा आला, पण कोहळ्यासकट; कोहळा पाटावरून अर्धा उचलला गेला आणि पुन्हा धप्पकन बसला. कुंकू भाऊच्या नव्या बनियनवर उडालं.

"सोड त्याले, भो," आबा म्हणाला. "त्याले तुझा सुरा आवडला."

एक पुतण्या हसला आणि नानांनी बघितल्यावर खोकला.

"घाव एकच झाला," भाऊ म्हणाला.  "एक घाव म्हनलं होतं. एकच हाये."

"दोन झाला का?" नाना म्हणाले.

 भाऊनं सुऱ्यावरचे हात काढले नाहीत. मला वाटतं हात काढले तर मान गेला, असं त्याला वाटत होतं. वहिनी त्याच्याकडे बघत नव्हती, कोहळ्याकडे बघत होती. बांधावरच्या चार महिन्यांच्या मेहनतीत चार इंच लोखंड रुतून बसलं होतं.

"आबा, घे कोयता," नाना म्हणाले.

आबानं बाह्या सारल्या, केळीचा कोयता उचलला आणि थांबला. सुरा मधोमध होता. घाव घातला तर कोयता पोलादावर बसणार. काढायचा तर आकडी. दोघांनी धरून पाहिलं, पिळून पाहिलं, पुढं ढकलून काढायचा प्रयत्न केला. तेवढ्यात नानांच्या घरातली म्हातारी अक्का ओट्यावरून म्हणाली, "आन्‌ जखमी बळी चालते का? देवीले उष्टं देसान का?"

हा मुद्दा कुणाच्या डोक्यात आला नव्हता. पण तो एकदा निघाला म्हटल्यावर नाकारता येईना. बळीच्या कोहळ्याला ओरखडा चालत नाही. याच्या पोटात तर सुरा होता. नानांनी डोळे मिटले. नैवेद्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं आणि त्याखालून कढीचा वास यायला लागला होता.

"दुसरा आना," ते म्हणाले.

गड्याला मोटारसायकलवर यावलला पाठवलं. खंडेनवमीला कोहळा संपलेला असतो, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे पारावर बसावं तसे ट्रॅक्टरच्या सावलीत बसले. भाऊ पाटाजवळच होता. आबाच्या मोबाईलवर गाडीवाल्याचे फोन येत होते. तो "आलोच, आलोच" म्हणत होता आणि कुठं जात नव्हता.

गडी आला. त्याच्या हातात नारळाहून किंचित मोठा, अंगावर अजून लव असलेला कोवळा कोहळा होता. हातगाडीवर हा एकच उरला होता, म्हणाला. तोही गिऱ्हाइकानं लहान म्हणून परत केलेला.

नानांनी तो हातात घेऊन फिरवला. मग आबाकडे पाहिलं. मग भाऊकडे पाहिलं.

"पहिला घाव बाद," नाना म्हणाले. "बळीच बाद झाला मंग घाव कसा धरता? नवा बळी, नवा घाव. आधी ज्याचा मान, त्यानं."

"नाना, हा काय न्याय हाये का?" आबा म्हणाला. "एवढासा तर माझी नातबी कापीन."

"मंग तू कायले कापतं?"

आबाचा मोबाईल वाजला. त्यानं बघितलं, कोयता ट्रॅक्टरला टेकवला आणि म्हणाला, "घाला लवकर. मले गाडी भरायची हाये."

मधल्या काळात वहिनीनं घरातल्या सुरीनं आकडीभोवतीची साल कापून सुरा सोडवला होता. तिनं तो पदराला पुसून भाऊच्या हातात दिला. पाटावर नवा कोहळा आला, त्याला हळदकुंकू लागलं. भाऊनं सुरा कपाळाला लावला आणि घाव घातला. कोहळा एकाच घावात दोन झाला. धार अप्रतिम होती. दोन्ही फाकांच्या बिया तेवढ्या अर्ध्या अर्ध्या कापलेल्या दिसत होत्या. भाऊ मागं वळून नानांच्या पाया पडला. उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि आबा गाडी भरायला निघाला होता.

मोठ्या कोहळ्याचे सांडगे आणि पेठा आमच्या घरी बरेच दिवस पुरले. आबाच्या घरीही डबा गेला.

तेव्हापासून मान आमच्याच घरी आहे. सुरा बदलायचा नाही, असं भाऊनं ठरवलं. एवढं पोलाद पुन्हा मिळत नाही म्हणतो. बदल वहिनीच्या बाजूनं झाला. ती आता दर आठवड्याला सुरा घेऊन बांधावर जाते, वेलावरच्या कोहळ्याला पातं लावून बघते आणि तो मापाबाहेर जायच्या आत तोडून आणते. या वर्षी भाद्रपदातच तोडावा लागला. इतक्या कोवळ्या कोहळ्याचा पेठा होत नाही, पण भाजी बरी होते.